समुद्रात कुठली आलीय धूळ?

मार्चमध्ये घरी गेले तेव्हा शेडवर बेदाणा टाकायचं काम चालू होतं. मी बॅग ठेवते न ठेवते तोवर आप्पांनी पहिलाच प्रश्न टाकला, "व्हय गं, हितं पडवीत रोज सकाळी बोटानं नाव लिहिता यील एवढी धूळ बसती, आन् तू दोन महिनं समुद्रात जाऊन धूळ मोजत हुतीस? तिथं कुठली आलीया धूळ?"

प्रश्न एकदम रास्त आहे. तासगाव तालुक्यात ज्यानं उन्हाळा काढलाय त्याला हा प्रश्न पडणारच. मी उत्तर द्यायला सुरुवात केली पण मध्येच डिपिंगचं, म्हणजे द्राक्षं वाळवायच्या आधी ज्यात बुडवतात ते, पाणी बदलायला गडी आला, मग पाहुणे आले, मग लाईट गेली आणि सांगणं अर्धवट राहिलं. रात्री अंगणात बसून पुन्हा सांगितलं. तेच इथं लिहून काढते, कारण आप्पांना जसं सांगितलं तसं मी आमच्या लॅबमध्ये सुद्धा कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

तर आधी आकडे. इंजेक्शनच्या सिरिंजवर १ सीसीची खूण असते ना, तेवढीच हवा डोळ्यासमोर आणा. शहरातल्या रहदारीच्या रस्त्यावर तेवढ्या हवेत हजारो, कधीकधी पन्नास हजाराच्या वर कण असतात. आपल्याला दिसते ती धूळ वेगळी, ती म्हणजे या जगातले हत्ती. बाकीचे बहुतेक कण इतके बारीक असतात की प्रकाशाची लाट सुद्धा त्यांच्यापेक्षा मोठी असते, त्यामुळं साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पण ते दिसत नाहीत. आता तीच १ सीसी हवा हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला, अंटार्क्टिकाच्या वाटेवर घेतली तर आमच्या मशीनवर आकडा यायचा दोनशे, तीनशे, एखाद्या रात्री त्याच्याही खाली. शून्य मात्र कधीच नाही. जवळचा किनारा हजार-दीड हजार किलोमीटर लांब, आजूबाजूला माणूस नाही, गाडी नाही, चूल नाही आणि तरी प्रत्येक सीसीमध्ये दोनशे कण. मी त्या दोनशेसाठी गेले होते.

आप्पा म्हणाले, "मग ते आलं कुठनं?"

दोन ठिकाणांहून. एक म्हणजे लाटा. लाट फुटली की पांढरा फेस होतो, त्या फेसातला एकेक बुडबुडा फुटताना पाण्याचे अतिबारीक तुषार उडतात, ते हवेत वाळतात आणि मागं राहतो मिठाचा कण. वारा जितका जोरात तितकं मीठ जास्त, आणि तिकडं चाळीस-पन्नास अंश दक्षिणेला वारा थांबतच नाही कारण त्याला अडवायला जमीनच नाही. दुसरं ठिकाण मला स्वतःला जास्त आवडतं. समुद्रात वर वर जगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती असतात, प्लवक म्हणतात त्यांना, त्यांच्यापासून डायमिथाइल सल्फाइड नावाचा गंधकयुक्त वायू सुटतो, किनाऱ्यावर समुद्राचा म्हणून जो वास येतो त्यात हा पण असतो. तो हवेत गेला की उन्हानं सुरू होणाऱ्या रासायनिक क्रियांमधून त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो आणि पुढं सल्फ्युरिक अॅसिड, आणि त्या अॅसिडचे नवे बारीक कण तयार होतात किंवा आधीच्या कणांवर थर चढतो. सल्फर डायऑक्साइड म्हणजे काय हे आप्पांना सांगावंच लागलं नाही. बेदाणा पिवळा ठेवायला आपण जी गंधकाची धुरी देतो, ज्यानं डोळे चुरचुरतात आणि आई आम्हाला लहानपणी शेडजवळ फिरकू द्यायची नाही, तोच हा वायू. समुद्र पण धुरी देतो म्हणलं, फक्त फार हळू आणि फार पातळ. ते एकदम गप्प बसले. त्यांना पटलेली गोष्ट ते तशी गप्प बसूनच ऐकतात.

हा वायू समुद्राच्या पाण्यात पहिल्यांदा नीट मोजला तो जेम्स लव्हलॉक या ब्रिटिश शास्त्रज्ञानं. १९७१-७२ मध्ये ब्रिटनहून अंटार्क्टिकाकडं जाणाऱ्या शॅकलटन या संशोधन जहाजावर ते स्वतः बनवलेलं उपकरण घेऊन चढले होते. पुढं १९८७ मध्ये त्यांनी आणि आणखी तिघांनी मिळून मांडलं की प्लवक, हा वायू, कण आणि ढग यांची एक साखळी असावी आणि तिच्यातून समुद्र स्वतःचं तापमान थोडं सांभाळत असावा. ते म्हणणं पुढं जसंच्या तसं टिकलं नाही, प्रकरण बरंच गुंतागुंतीचं निघालं, पण त्यामुळं निम्मं जग हे कण मोजायला लागलं. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटाच्या टोकाला केप ग्रिम म्हणून ठिकाण आहे, तिथं १९७६ पासून दक्षिण महासागरावरून येणारी हवा मोजतात, आणि तिथं दिसतं की ढग तयार करू शकणारे कण उन्हाळ्यात वाढतात, हिवाळ्यात कमी होतात, म्हणजे प्लवकाच्या हंगामाबरोबर. हंगाम तिकडं पण आहे.

आता खरा मुद्दा. हे मोजून करायचं काय?

ढगाचा थेंब हवेत आपोआप तयार होत नाही, त्याला बसायला काहीतरी लागतं. स्कॉटलंडच्या जॉन एटकिन यांनी १८८०च्या दशकात हे दाखवलं, अगदी साधा प्रयोग, काचेच्या भांड्यात वाफ सोडायची, साधी हवा असेल तर लगेच धुकं होतं, आणि तीच हवा कापसातून गाळून घेतली तर धुकं होतच नाही. हवा पूर्ण निर्मळ असती तर आर्द्रता १०० टक्क्यांच्या कितीतरी पट गेल्याशिवाय पाणी थेंब धरणार नाही, आणि खऱ्या ढगात ती १०० च्या वर जेमतेम अर्धा-एक टक्का जाते. म्हणजे आपल्यावर जो पाऊस पडतो त्यातल्या प्रत्येक थेंबुट्याच्या पोटात एक कण असतो. मीठ असेल, गंधक असेल, धूर असेल, माती असेल.

आणि कण किती आहेत यावर ढग कसा होणार ते ठरतं. ढगात पाणी तेवढंच असेल आणि कण जास्त असतील तर ते पाणी जास्त थेंबांत वाटलं जातं, थेंब लहान राहतात. असा ढग वरून जास्त पांढरा दिसतो, ऊन जास्त परत पाठवतो, आणि त्यातून पाऊस पडणं अवघड जातं, कारण पावसाचा एक थेंब व्हायला ढगातले साधारण दहा लाख थेंबुटे एकत्र यावे लागतात आणि लहान थेंबुटे एकमेकांत नीट मिसळत नाहीत. यातलं ढग जास्त पांढरा होण्याचं शॉन टूमी यांनी १९७०च्या दशकात मांडलं. मी हे सगळं समजावून सांगायला कागद-पेन शोधत होते तेवढ्यात आप्पा म्हणाले, "म्हंजी विरळणी न केल्याली बाग."

मला सात वर्षं शिकून ही उपमा सुचली नव्हती. वेलीला मिळणारं खतपाणी तेवढंच, घड जास्त ठेवले की मणी फुगत नाही. विरळणी केली की कमी घड, पण मणी कसा टपोरा. दक्षिण महासागराचं आकाश म्हणजे विरळणी केलेली बाग आणि आपलं हिवाळ्यातलं आकाश म्हणजे घडांनी लगडलेली. हे मी आता माझ्या पुढच्या प्रेझेंटेशनमध्ये घालणार आहे, आप्पांचं नाव सांगून.

तर माणसानं कारखाने, गाड्या, जहाजं सुरू केल्यापासून कण किती वाढले आणि त्यानं ढग किती बदलले हे काढायचं तर आधी काय होतं ते माहीत पाहिजे. हिशोबाला लोक १७५० साल धरतात. त्या वेळचा कार्बन डायऑक्साइड अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांत सापडतो, पण त्या वेळचे ढग कुठं साठवून ठेवलेले नाहीत. मग एकच उपाय, आज पृथ्वीवर जिथं माणसाचा धूर जवळजवळ पोचत नाही तिथं जायचं आणि तिथली हवा मोजायची. जिथं काहीच नाही असं वाटतं तिथलाच आकडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण सगळी वजाबाकी त्याच्यातून होते. तो आकडा चुकला तर बाकी सगळा हिशोब चुकतो. दोनशेच्या जागी चारशे धरले तर माणसानं किती बिघडवलं याचं उत्तरच वेगळं येतं. मला हे काम का करावंसं वाटतं ते एवढ्यात आलं.

आता मोजायचं कसं. आमच्या मुख्य मशीनला सीपीसी म्हणतात आणि त्यातली युक्ती एटकिन यांचीच आहे, बारीक कण दिसत नाही ना, मग त्याला आधी मोठा करा. हवा आत ओढली जाते, ती ब्युटॅनॉल नावाच्या अल्कोहोलच्या कोमट वाफेतून जाते, मग एका गार नळीतून, तिथं वाफ कणावर बसते आणि कण फुगून काही मायक्रॉनचा थेंब होतो, मग तो लेसरपुढून जाताना एक चमक उठते. एक चमक म्हणजे एक कण. एटकिन बिचारे काचेच्या चौकटीवर पडलेले थेंब भिंगातून एकेक करून मोजायचे. आमचं मशीन सेकंदाला मोजतं, पण ब्युटॅनॉलचा तो गोडसर उग्र वास दोन महिने नाकातून जात नाही, त्यात जहाज हलत असताना तर तो वास नको होतो.

आणि सगळ्यात मोठी अडचण काय असेल? आमचं जहाजच. हजारो किलोमीटरवर धुराचा एकच उगम आणि आम्ही त्याच्यावर बसलेलो. म्हणून हवा ओढायची नळी जहाजाच्या पार पुढच्या टोकाजवळ उंच खांबावर, आणि वारा समोरून येत असेल तेव्हाचेच आकडे खरे धरायचे. वारा मागून फिरला की चिमणीचा धूर पुढं येतो आणि आकडा तीनशेवरून काही सेकंदांत वीस हजार, पन्नास हजार. फिल्टरवर नमुने घ्यायचा मोठा पंप वाऱ्याच्या दिशेवर लावलेला असतो, दिशा बिघडली की आपोआप बंद. पण तेवढ्यानं भागत नाही. किचनमधली फोडणी दिसते, कचरा जाळला की दिसतं, डेकवर कुणी रंग खरवडत असेल तर तेही दिसतं. एकदा पहाटे तीन वाजता आकडा एकदम चढला, वारा तर समोरून, मी जॅकेट घालून बाहेर पळाले तर एक खलाशी पुढं उभा राहून सिगरेट ओढत होता. रत्नागिरीकडचा होता, मराठीत बोलणं झालं. मी त्याला आत नेऊन स्क्रीन दाखवली, ही उभी रेघ म्हणजे तुमची सिगरेट, दादा. तो बराच वेळ बघत राहिला आणि नंतर आख्ख्या क्रूमध्ये त्यानंच सगळ्यांना सांगितलं, परत पुढच्या बाजूला कुणी ओढली नाही. त्याचे माझ्यावर मोठे उपकार आहेत.

दुसरी टीम पाण्याचे नमुने घ्यायची तेव्हा जहाज तासन् तास एका जागी थांबायचं आणि तोंड कुठंही फिरायचं, ते तास आमच्यासाठी गेले. भांडण नाही, त्यांचंही काम तितकंच महत्त्वाचं, पण एकदा छप्पन्न अंश दक्षिणेला, सगळ्या प्रवासातली सगळ्यात स्वच्छ हवा चालू असताना असं सहा तास थांबावं लागलं तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं हे खरं. शिवाय हवा आत जायच्या आधी वाळवावी लागते, कारण दमट हवेत मिठाचा कण पाणी पिऊन फुगतो. त्यासाठी सिलिका जेलच्या नळ्या, जेलचा रंग बदलला की काढायचं, ओव्हनमध्ये तापवून पुन्हा भरायचं, हे दर काही तासांनी, रात्री सुद्धा. मी बेदाण्याच्या घरातली आहे, वाळवण राखायला रात्री उठायची सवय आहे.

प्रवास मुरगावहून डिसेंबरमध्ये सुरू झाला आणि जातानाचे आकडे म्हणजे एक वेगळीच गोष्ट आहे. गोवा सोडलं तेव्हा सीसीला हजारोंनी कण आणि क्षितिजावर एक मळकट पट्टा. तो पट्टा एक दिवस, दोन दिवस, चार दिवस हटायचं नाव घेईना. हिवाळ्यात वारा जमिनीवरून समुद्राकडं जातो, म्हणजे आपल्याकडं गळीत हंगाम चालू, पाचट पेटवलेलं, गुऱ्हाळांची चुलवाणं, विटांच्या भट्ट्या, गावोगावच्या चुली, शहरांतल्या गाड्या, ते सगळं तिकडं. १९९९ च्या जानेवारी ते मार्चमध्ये इंडोएक्स नावाचा मोठा प्रयोग झाला होता, त्यात आपलं सागर कन्या हे जहाज होतं, अमेरिकेची जहाजं-विमानं होती, मालदीवच्या काशिधू बेटावर वेधशाळा होती, व्ही. रामनाथन आणि नोबेल मिळालेले पॉल क्रुट्झन यांनी तो चालवला. तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं की दक्षिण आशियातला हा धूर तीन किलोमीटर उंचीपर्यंतचा थर करून विषुववृत्ताच्या आसपास जातो, आणि जिथं दोन्ही गोलार्धांचे वारे भेटतात त्या पावसाळी पट्ट्यापाशी थांबतो. आम्हाला तो पट्टा विषुववृत्ताच्या थोडा खाली लागला. एक आख्खी रात्र धो धो पाऊस, विजा, आणि सकाळी उठून बघते तर मळकट पट्टा गायब, आकाश निळं म्हणजे किती निळं असावं, आणि स्क्रीनवर आकडा चारशेच्या खाली. आदल्या दिवशी दोन हजार होता. मी तीनदा नळी तपासली, मला वाटलं गळती आहे.

तो धूर कशाचा हे ओळखायची पण एक रीत आहे, आणि ही आप्पांना सगळ्यात भारी वाटली. काजळीतल्या कार्बनचं वय काढायचं. डिझेल-कोळसा कोट्यवधी वर्षांपूर्वीचा, त्यात काळाबरोबर संपत जाणारा कार्बन-१४ उरलेलाच नसतो. ऊस, लाकूड, शेणी हे कालपरवाचं, त्यात तो असतो. २००९ मध्ये अशा एका अभ्यासाचे निष्कर्ष छापून आले, नमुने घेतले होते मालदीवमध्ये आणि आपल्या सिंहगडावर, आणि निघालं की त्या धुरातल्या कार्बनचा निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत वाटा अशा कालपरवाच्या जळणाचा आहे. आप्पांनी विचारलं, "म्हंजी आपल्या फडातलं पाचट सुद्धा तिकडं जाऊन पोचतंय?" म्हणलं, तुमच्याच फडातलं म्हणून नाही दाखवता येत, पण त्या जातीचं पोचतं.

जहाजांचं पण आहेच. मोठी मालवाहू जहाजं गंधकवालं जड तेल जाळायची, त्यांच्या मागं ढगांत पांढऱ्या रेघा उमटायच्या, उपग्रहावरून दिसायच्या, अगदी पाटीवर खडूनं ओढल्यासारख्या. १ जानेवारी २०२० पासून तेलातल्या गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली आणि त्या रेघा बऱ्याच कमी झाल्या. माणसाचा हात ढगात इतका सरळ दिसतो असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

उपग्रह असताना जहाज कशाला, हे पण लोक विचारतात. उपग्रह सूर्यप्रकाशावरून अंदाज करतो, आणि स्वच्छ समुद्रावर कण इतके कमी की लाटांची चकाकी आणि ढगांचे तुकडे यांतच तो अंदाज हरवतो. त्यामुळं खालून कुणीतरी खरं काय ते सांगावं लागतं. त्यासाठी हातात मावणारं एक यंत्र असतं, सूर्याकडं धरायचं आणि मधल्या हवेनं ऊन किती अडवलं ते वाचायचं, नासाच्या मॅरिटाइम एरोसोल नेटवर्कसाठी २००६ पासून जगभरच्या जहाजांवर लोक हे करतात. हलणाऱ्या डेकवर पाय रोवून सूर्य त्या छोट्या चौकटीत धरून ठेवायचा, ढग आला की थांबायचं. पन्नास अंशाच्या खाली आम्हाला आख्ख्या आठवड्यात दोनदाच ऊन मिळालं.

आता आपल्याकडं येते. साताऱ्यात महाबळेश्वरला पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा २०१२ पासून आहे. मी एमएस्सीला असताना तिथं गेले होते, जुलैमध्ये, तिथं ढग खिडकीतून आत येतो हे बोलायला नाही तर खरंच. ती जागा मोक्याची आहे कारण पावसाळ्यात वारा उलटा होतो, अरबी समुद्रावरून निघालेली हवा सह्याद्रीवर पहिल्यांदा तिथंच चढते, आणि हिवाळ्यात त्याच जागी जमिनीवरची हवा मिळते. म्हणजे एकाच डोंगरावर बसून दोन्ही. महाबळेश्वरला त्या हवेतून वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पडतो आणि उरलंसुरलं पुढं सरकत आमच्या तासगावला पाच-सहाशे. लहानपणापासून आम्ही पश्चिमेकडं बघत बसणारी माणसं, ढग दिसतोय, पडत नाही. आणि नको तेव्हा, बेदाणा रॅकवर असताना, पडतो. अवकाळीनं एका रात्रीत माल काळा पडलेला मी दोनदा बघितलाय, त्या रात्री आई-आप्पा शेडच्या कडेला ताडपत्र्या ओढत होते आणि आम्ही बॅटरी धरून उभे. ढगाच्या पोटात काय असतं हे मला तेव्हापासून बघायचं होतं.

आप्पांनी शेवटी विचारलं, "मग आपल्या पावसात त्या समुद्राचं मीठ आसंल का?" म्हणलं असतंच. पावसाळ्यातल्या पाण्यात सोडियम, क्लोराइड सापडतं, किनारा इथून सव्वाशे-दीडशे किलोमीटर, ते अंतर काहीच नाही. थोडंसंच असतं, चवीला लागत नाही, पण मशीनवर दिसतं.

माझे फिल्टर अजून लॅबच्या फ्रीजरमध्ये आहेत, अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळलेले, जूनमध्ये मशीनवर नंबर लागलाय. त्यात मिथेनसल्फोनिक अॅसिड किती निघतं ते बघायचंय, कारण समुद्रावर ते जवळजवळ सगळं त्या प्लवकाच्या वायूपासूनच होतं.

परवा आप्पांचा फोन आला. मृगाचा पहिला पाऊस धरायला आईची काचेची बरणी धुऊन ठेवलीय, माझ्या नमुन्यांबरोबर तो पण लावता येतो का म्हणून विचारत होते. म्हणलं येतो, पण पत्र्यावरून ओघळलेलं नको, उघड्यावर ठेवा, आणि बरणी साध्या पाण्यानं नका धुऊ, डिस्टिल्ड वॉटर लागेल.

"ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालतूय ते चालंल का?"

चालेल म्हणलं. तीन वेळा विसळा.